पुढच्या वर्षीच्या पॉपी

"देवासाठी घेतलं, की त्याला घेतलं म्हणत नाहीत." काकूंचं हे वाक्य इंग्लंडात, कॉव्हेंट्रीतल्या आमच्या गल्लीत प्रत्येक मराठी घराने ऐकलं होतं, बहुतेकांनी आपला गुलाब गेल्यावर. पन्नास वर्षं इथे काढून, कारखान्यातून रिटायर होऊनही, सकाळी दुसऱ्याच्या बागेतली फुलं पूजेला आणायची सवय त्यांनी सोडली नव्हती. इंग्रज शेजारी हसून सोडून देत. मी सोडणाऱ्यातला नाही.

कारण गल्लीच्या टोकाची गवताची पट्टी मी कौन्सिलशी भांडून मिळवली होती. तिथे मधमाश्यांसाठी इथलीच रानफुलं पेरली होती: पांढऱ्या डेझी, जांभळं नॅपवीड, लाल पॉपी. कौन्सिलची अट साधी होती. यंदा पडलेल्या बियांतून पुढच्या उन्हाळ्यात आपोआप फुलं आली तर पट्टी राहील, नाहीतर पुन्हा गवत कापायचं मशीन फिरेल.

जूनमध्ये पॉपी फुलल्या आणि रोज सकाळी दहाबारा कमी दिसू लागल्या. माझा संशय शाळेच्या मुलांवर. फुलं तोडू नयेत, अशी इंग्रजीत पाटी लावली. एक दिवस लवकर गेलो, तर त्याच पाटीवर हात टेकून, साडीवर कार्डिगन घातलेल्या काकू वाकलेल्या. पाटी वाचली नाही का, असं विचारलं. वाचली होती, पण ती मुलांसाठी असेल असं त्यांना वाटलं होतं. शिवाय गणपतीला लाल फूल लागतं आणि इथे जास्वंद कुठून आणायची, हे त्यांनी मलाच सुनावलं.

मी माश्या, पराग, बी असं सगळं समजावलं, ऑफिसात प्रेझेंटेशन देतो तसं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं.

"म्हणजे मी पुढच्या वर्षीची तोडतेय होय रे?"

दुसऱ्या दिवशी त्या रुमालात पितळी गणपती घेऊन आल्या. फुलांसमोर त्याला धरून मिनिटभर उभ्या राहिल्या.

"नैवेद्य तरी काय, आपण दाखवतोच ना? तशीच फुलं दाखवली."

मग हे रोजचंच झालं. एकदा एक बंबलबी, इथली गुबगुबीत केसाळ मधमाशी, गणपतीच्या सोंडेवर बसली. ती उडेपर्यंत काकूंनी हात हलू दिला नाही. मला हसू आलं, आणि त्या फार आवडल्याही.

हिवाळ्यात त्या पडल्या. मुलगी त्यांना बर्मिंगहॅमला आपल्या फ्लॅटवर घेऊन गेली. उन्हाळ्यात पट्टी आपसूक फुलली, आधीपेक्षा दाट. कौन्सिलची बाई पाहून गेली, पट्टी राहणार असं ठरलं. मी काकूंना फोन केला.

"मग आता एक तोडून आणशील? इथे खिडकीतून नुसत्या गाड्या दिसतात बघ. देवाला काय दाखवू?"

रविवारी आणतो म्हणालो, तोवर पहिल्या फुलांना बी धरेल. समोर शेकडो पॉपी होत्या आणि मी एका फुलासाठी बियांचं बोलत होतो. बर्मिंगहॅम ट्रेनने जेमतेम अर्ध्या तासावर. शुक्रवारी मुलीचा फोन आला, काकू सकाळीच गेल्या. वाईट वाटलं, पण त्याहून जास्त स्वतःची लाज वाटली.

रविवारी मी ओंजळभर पॉपी तोडून नेल्या. इथेच जन्मलेल्या त्यांच्या मुलीने दार उघडलं आणि माझ्या हातांकडे बघत राहिली.

"एवढे कशाला?" ती म्हणाली. "आई एकच बोलली होती."