वारा लागू दे

आमच्या गावात चढ म्हणून नाही. वारा मात्र असा, की चढ परवडला. समुद्राच्या बांधालगतचा रस्ता सरळसोट पश्चिमेला जातो आणि वाराही तिकडूनच येतो. शहाणे लोक सांगतात, जाताना तोंडावर घ्या, येताना पाठीवर मिळेल. सांगायला काय जातं!

शेजारची आल्त्ये आणि तिचा नवरा ओबे, दोघंही पुढच्या गावातल्या चीजच्या कारखान्यात कामाला होती. रोज सायकलनं. आमच्याकडे जो दमदार असेल त्यानं वाऱ्यात पुढे राहायचं आणि बाकीच्यांनी त्याच्या आडोशानं यायचं. ओबे लग्नापासून पुढे. "अगं, मी तो रस्ता कधी पाहिलाच नाही," आल्त्ये मला म्हणायची, "याची पाठच पाहिली."

मग म्हातारपणी ओबेला माणसं आठवेनाशी झाली. कारखान्याच्याच गावातल्या शुश्रूषागृहात त्याला ठेवावं लागलं. त्याच रस्त्यानं आल्त्ये एकटी जाऊ लागली. सत्तरी उलटलेली, मान खाली, ओठ घट्ट आवळलेले, पुढे कोणी नाही. बस आहे, पण बाई बसनं जाईल तर शपथ. माझ्या बॅटरीच्या सायकलला ती मोपेड म्हणते.

तिच्या हट्टाचं कारण मला ठाऊक होतं. ओबे पोटच्या मुलीलाही ओळखत नव्हता. पण आल्त्ये दारात उभी राहिली, गाल लालभडक, डोळ्यांतून पाणी, केसांचं घरटं झालेलं, की तो ताडकन उठायचा आणि दोन्ही हात तिच्या गार गालांवर ठेवायचा.

"आल्त्ये! मागे का नाही राहिलीस माझ्या? किती वारा लागलाय तुला!"

तेवढंच. मग तो पुन्हा खिडकीकडे वळायचा. तेवढ्यासाठी ही रोज मरमर पायडल मारायची.

मध्ये एकदा मुलगी रेन्स्के आली आणि आईला बळेबळे गाडीत घालून घेऊन गेली. आल्त्ये नीटनेटकी, उबदार, केस जागच्या जागी. ओबेनं अदबीनं खुर्ची पुढे केली. "बसा बाई. माझी बायको येईलच आता. वाऱ्यात असेल बिचारी." रेन्स्के बाहेर जाऊन रडली. दुसऱ्या दिवशी आल्त्ये पुन्हा सायकलवर.

नोव्हेंबरात वादळ आलं. बांधावरच्या मेंढ्याही आडोसा धरून बसल्या होत्या. तिला एकटीला जाऊ देणं मला जमेना.

"मी पुढे होते," मी ओरडले. "माझ्या आडोशानं ये."

"नको. मला लागू दे वारा."

"मरशील अशानं!"

"मोपेडवाल्यांनी मागे राहावं," ती म्हणाली आणि पुढे झाली. कालव्यावरच्या पुलावर वाऱ्यानं तिला सायकलसकट कठड्यावर लोटलं. तरी ती उठली. पोचलो तेव्हा तिचं तोंड थोबाडीत मारल्यासारखं लाल झालं होतं. ते बघून मला बरं वाटलं, खरंच सांगते.

ओबे तिच्याकडे बघत राहिला. मग उठला. त्यानं खुर्ची पुढे केली.

"बसा बाई. बाहेर फार वारा आहे. माझी बायको यायचीय अजून."

आल्त्येनं त्याचा हात घेतला आणि आपल्या गालावर ठेवला. त्यानं तो हळूच काढून घेतला.

"अहो, असं काय करता? ती बघेल ना."

"येईल हो ती," आल्त्ये म्हणाली. ती त्याच्यासमोर बसून कॉफी प्यायली, तिनं बिस्किट त्याच्या बशीत ठेवलं आणि कोट चढवला.

परतताना सगळा वारा पाठीवर होता. नुसतं बसलं तरी घरी पोचवेल असा. ती सायकल हातात धरून चालत होती.

"अगं, आता तरी बस," मी म्हटलं.

"लवकर घरी जाऊन काय करू?"

मग मीही उतरले. वारा मागून ढकलत होता आणि आम्ही दोघी ब्रेक दाबून चालत राहिलो.