हॉलिस ग्रेबरचे मधले सिनेमे

उत्तरेकडच्या मोठ्या सरोवराकाठच्या थंडर बे गावात हिवाळा इतका लांबतो की माणसाला एखादं खूळ बाळगल्याशिवाय तो निभत नाही. कुणी गोठलेल्या तळ्याला भोक पाडून माशाची वाट बघत बसतं, कुणी लग्न करतं. व्हर्ना कोस्कीनं मंडळ काढलं. शाळेची बस चालवून निवृत्त झालेली ही बाई दर रविवारी दुपारी ग्रंथालयाच्या तळघरात मंडळी जमवायची आणि एखाद्या लाडक्या कलावंताचं पहिलं आणि शेवटचं काम पाठोपाठ दाखवायची. पहिला सिनेमा, शेवटचा सिनेमा. पहिली गाण्यांची तबकडी, शेवटची तबकडी. मधलं काही नाही. मध्ये फक्त कॉफी आणि वेलदोड्याचा गोड पाव.

मग मतदान. पहिलं आवडलेल्यांनी खिडकीपाशी उभं राहायचं, शेवटचं आवडलेल्यांनी हीटरपाशी. त्यामुळे मंडळाचं वर्षानुवर्षं ठाम मत होतं, की कलावंत खरा फुलतो तो म्हातारपणीच. एकदा ऐन जुलैत खिडकीवाले भरघोस मतांनी जिंकले तेव्हा कुठे सगळ्यांना शंका आली. पण पद्धत कुणी बदलली नाही. फेब्रुवारीत हीटरपासून लांब उभं राहण्याइतकं प्रेम कुणाचंच कुठल्याच कलेवर नव्हतं.

व्हर्नाचं स्वतःचं दैवत मात्र या मांडवात कधी आलं नव्हतं. हॉलिस ग्रेबर राक्षसांचे सिनेमे काढायचा, तेही चार पैशांत. ‘तळ्यातला पाहुणा’ या त्याच्या पहिल्या सिनेमात हिरव्या रबराचा राक्षस पाण्यातून वर येतो आणि गावाकडे पाठ करून वळला की पाठीवरची पोशाखाची चेन स्पष्ट दिसते. नऊ वर्षांच्या व्हर्नाला ती दिसली नव्हती. वडिलांच्या ट्रकच्या टपावर घोंगडी पांघरून तिनं तो उघड्यावरच्या पडद्यावर पाहिला, आणि त्यानंतर कुठलंच पाणी तिला नुसतं पाणी वाटलं नाही. पुढे बस चालवतानाही मोठ्या सरोवराच्या काठी धुकं असलं की तिचा पाय आपोआप ब्रेकवर जायचा. मागून पोरं विचारायची, “बाई, आला का?”

“आज नाही,” ती म्हणायची आणि गिअर टाकायची.

ग्रेबरनं शेवटचा सिनेमा वय ऐंशीच्या घरात असताना काढला. नाव ‘किनारा’. पेपरवाल्यांनी लिहिलं, म्हातारा भ्रमिष्ट झालाय. व्हर्नानं तो पाहिला नव्हता. खरं सांगायचं तर पहिल्यानंतरचा एकही पाहिला नव्हता. त्या वाटेला लागलं की कधीतरी शेवटाशी पोहोचणार, आणि तिथे तो भ्रमिष्ट म्हातारा आपल्या हिरव्या पाहुण्याला खाऊन बसलेला असणार, ही तिची भीती. हे तिनं कुणाला सांगितलं नव्हतं.

त्या रविवारी तिचा शेजारी राइनो हौताला दोन्ही सिनेमे काखेत मारून आला. धान्याच्या कोठारात जन्म काढलेला हा माणूस बोलायचा कमी, पण डूख धरायचा पक्का.

“व्हर्ना, तू सगळ्यांच्या लाडक्यांची चिरफाड केलीस,” तो म्हणाला. “माझी गाणारी बाई शेवटी बेसूर झाली म्हणालीस. आता तुझ्या ग्रेबरबाबाला काढ बाहेर.”

“तो आजारी होता रे तेव्हा.”

“माझी बाई काय दंड-बैठका काढत होती?”

व्हर्नानं दिवे मालवले.

पहिल्या सिनेमाला मंडळी चेनवर पोट धरून हसली. व्हर्नाही हसली, पण कॉफीच्या वेळी तिनं पावाला हात लावला नाही. मग ‘किनारा’ सुरू झाला. पडद्यावर तळं, धुकं आणि काठावर खुर्ची टाकून बसलेली एक म्हातारी. ती वाट बघते. पाहुणा येत नाही. कॅमेरा पाण्याकडे बघत राहतो. राइनो घोरायला लागला, मग स्वतःच दचकून जागा झाला आणि गप्प बघत बसला. मागे विणत बसलेल्या बायकांच्या सुया कधी थांबल्या ते कळलं नाही. एकदा खूप लांब काहीतरी काळं वर आलं. ओंडका असेल, नसेलही. कॅमेरा जवळ गेला नाही. म्हातारीनं थर्मास उघडला, दोन कप भरले, एक पाण्याच्या बाजूला ठेवला. संपलं.

दिवे लागले तरी मतदानाला कुणी उठलं नाही. व्हर्नाला वाटलं होतं आपण आता रडणार. पण तिला धुक्यात बस हळू केल्यावर वाटायचं तसंच वाटत होतं: पाय ब्रेकवर, मागे पोरं चिडीचूप, पलीकडे ते पाणी. तिला रोज फुकटात दिसायचं ते गाठायला त्या माणसाला जन्म लागला होता. रबरी पोशाखाच्या चेनपासून निघून, कुठल्या कुठल्या वाटेनं चाचपडत, तो तिच्याच रस्त्यावर येऊन उभा होता.

“बोल,” राइनो म्हणाला. “खिडकी की हीटर?”

“हा इथपर्यंत आला कसा?” व्हर्ना म्हणाली.

ती तशीच उठली, वर ग्रंथालयात गेली आणि ग्रेबरच्या मधल्या सिनेमांचे डबे हनुवटीपर्यंत रचून खाली आली. वरच्या डब्यावरच्या चित्रात एक मुंगी होती, ट्रकएवढी. राइनोनं विचारलं, मग मंडळाच्या नियमाचं काय. घाल त्याला गोठलेल्या तळ्यात, असं ती म्हणाली.

“सगळे भिकार असतील हे,” राइनो म्हणाला आणि आपली खुर्ची पडद्याजवळ ओढली.

“असतील की,” व्हर्ना म्हणाली. “दुसऱ्यापासून लाव.”