अजीमभाईंच्या मोठ्या नसा

चिमुरात कोणाचा नळ गळायला लागला की लोक आधी अजीमभाईंना हाक मारतात आणि मग खाली बादली लावतात. आयुष्यभर पाइप जोडून या माणसाचं जगाबद्दल एकच मत झालंय: पाइप जितका मोठा तितकं घराणं मोठं. पोरीचं स्थळ बघायला गेले तेव्हासुद्धा आधी व्याह्यांची टाकी बघून आले होते.

अलीकडे भाई विसरायला लागले. समोरच्या माझ्या सायकलच्या दुकानात पाना ठेवून जायचे आणि माझ्यावरच चोरीचा आळ घ्यायचे. ब्लडप्रेशर होतंच, गोळ्या फ्रिजवर धूळ खात पडल्या होत्या. भाईंच्या वडिलांना लकवा मारला, तेव्हा त्यांचं सगळं भाईंच्या बायकोनं, नजमाभाभींनीच केलं होतं. ते पुन्हा बघायची त्यांना धास्ती होती. त्या गोळी पुढे करायच्या आणि भाई ओरडायचे, "मले का झालं? लोखंड हाय मी!" लोखंडालाच गंज चढतो, हे सांगायची हिंमत माझ्यात नव्हती.

शेवटी भाभींनी युक्ती काढली. नागपूरच्या एका दवाखान्यात मेंदूतल्या रक्तवाहिन्यांचा आकार एमआरआयनं मोजायचा अभ्यास चालू होता आणि त्यांना ब्लडप्रेशरवाले लोक हवे होते. "नसांचं माप घेतात म्हने," भाभी एवढंच बोलल्या. मापाचं नाव निघताच भाई स्वतःचा टेप घेऊन तयार. यंत्राजवळ लोखंड चालत नाही म्हणून टेप बाहेर ठेवावा लागला, तर तेवढ्यावरून रुसले.

सुईतून औषध देऊन, घणघणाटात झोपवून त्यांचं माप झालं. डॉक्टर दीपालीताई म्हणाल्या, "काका, तुमच्या नसांचा सरासरी आकार मोठा आलाय. सोमवारी परत या, त्यावर बोलायचंय." भाईंनी पहिलं वाक्य खिशात घातलं, दुसरं तिथंच सोडलं आणि चिमूरची बस धरली.

मग गावानं त्यांना हरभऱ्याच्या झाडावर चढवलं. चौकात फ्लेक्स लागला, 'मेंदूच्या मोठ्या नसांबद्दल अजीमभाईंचे हार्दिक अभिनंदन'. खाली शुभेच्छुकांचे फोटो, भाईंच्या फोटोपेक्षा मोठे. लोक भांडणंही निवाड्याला त्यांच्याकडे आणू लागले. निवडणुकीची तयारी करणारा विनोद तर स्वतः नागपूरला जाऊन मोजून आला. माप वयाप्रमाणे निघालं, तेव्हा डॉक्टरांना म्हणाला, "मॅडम, जरा वाढवून द्या ना. यंदा वार्ड ओपन हाय."

घरात मात्र भाभींचं बोलणंच बंद झालं. त्यांनी गोळी काढली की भाई हसायचे. "तुह्या नसा मोजल्या का कोनी? मोठ्या लाइनले औषध लागत नाई."

एका दुपारी भाई आपल्याच दारासमोर उभे राहून मला विचारू लागले, "अजीम फिटरचं घर कोन्तं हो?" मला वाटलं थट्टा करतायत. मग त्यांचे डोळे बघितले आणि हातातलं काम टाकून धावलो. भाभी उंबऱ्यात बसून रडायला लागल्या. त्या फ्लेक्सला त्या क्षणी काडी लावावी असं मला वाटलं.

दुसऱ्या दिवशी आम्ही तिघं नागपूरला गेलो. भाईंना वाटलं, सत्कार आहे.

दीपालीताई म्हणाल्या, "काका, या मापात एकेक नस कळत नाही, सगळ्यांची सरासरी कळते. तुमच्या नसा मोठ्या झालेल्या नाहीत. बारीक बारीक नसा कमी झाल्यात, म्हणून सरासरी मोठी दिसते."

"म्हंजे मेन लाइन हाय," भाई म्हणाले, "पन घरातले नळ बंद पडून राह्यले."

"हो, साधारण तसंच."

"बंद पडले ते चालू होतीन का?"

"तसं सांगता येत नाही. पण रोज गोळी घेतली तर उरलेले वाचवता येतील."

बाहेर बाकावर बसल्यावर भाभींनी पिशवीतून गोळी काढली. भाईंनी ती मुकाट्यानं घेतली.

"नजमा," ते म्हणाले, "मी भुललो तं मले सांगत जा."

"सांगतलं की तुमी चिल्लावता."

"चिल्लावीन," भाई म्हणाले. "तरी सांग."