फालेनिकोकाकांचं उभं राहणं

कोकोचं भांडं चुलीवर चढवून मी पाव कापत होते, तेवढ्यात खांबावर टकटक झाली. आमच्या घरांना भिंती नाहीत, नुसते खांब; पण गावात असं कोणी वाजवत नाही, रस्त्यावरूनच हाक मारतात. बाहेर फालेनिकोकाका उभे होते.

पाहुणे आले, लग्न ठरलं, कुणी गेलं, की सामोआत गावाच्या वतीने बोलायला वक्ते असतात. काका आमचे सर्वांत जुने वक्ते. मी लग्न होऊन आले तेव्हा पहिल्यांदा त्यांना पाहिलं. मैदानात काठी पायाच्या बोटांत रोवली, काथ्याची चवरी खांद्यावर टाकली आणि कितीतरी वेळ नुसतेच उभे. सासूबाई म्हणायच्या, तेवढ्यात माझे तारोचे दोन कंद सोलून होतात. मग आवाज निघायचा, तोही इतका खाली की समोरच्या मानकऱ्यांना पुढे वाकून ऐकावं लागे.

आज बोलायचा मान कुणाचा, यावर वक्त्यांचं आधी भांडण होतं. तशी रीतच आहे. माझा नवरा लामेकी नवा वक्ता झाला, तेव्हा काका सगळ्यांदेखत म्हणाले, "तुझ्या आवाजाने माझा कोंबडासुद्धा उठणार नाही. हो बाजूला." सगळे हसले. लामेकी मात्र आठवडाभर खुशीत होता. काकांनी त्याला भांडण्यालायक मानलं होतं ना.

दोन वर्षांपूर्वी ऑकलंडला काकांच्या घशाचं ऑपरेशन झालं आणि कुजबुज तेवढी उरली. मुलगा तिथेच राहा म्हणत होता, पण काका परत आले, बायको गेलेल्या रिकाम्या घरात. सभेत अजून आपल्या मानाच्या खांबाशीच बसतात, पाठ ताठ. सभेत प्यायच्या आवाची, त्या मुळांच्या पेयाची, करवंटीही मानाने त्यांच्या हाती येते. भांडण मात्र त्यांना वगळून होतं. कुणाच्या मनात वाईट नाही; म्हाताऱ्याला त्रास नको, एवढंच. सभा उठली की काका खांदे आत ओढून रस्त्याच्या कडेकडेने घरी जातात.

उद्या पाहुणे यायचे होते. लामेकी मळ्यात गेलेला. तो नसतानाच यायचं, हे काकांनी ठरवलं असावं. कोको नको म्हणाले. मी त्यांच्याजवळ बसले, कान पुढे केला.

"पोरी, लामेकीला सांग, उद्या माझ्याशीपण भांड. शेवटी मी त्यालाच बोलू देईन."