क्लॅरिनेटवाल्याचा वाकडा दात

माझ्या ताईचे यजमान दात बनवतात. ते डॉक्टर नाहीत. डॉक्टर माणसाच्या तोंडात काम करतात आणि भावोजी त्याच तोंडाच्या प्लास्टरच्या साच्यावर. कॅप, कवळ्या, सगळं घराच्या पुढच्या खोलीत होतं. खिडकीशी लांब टेबल, डाव्या हाताला छोटी भट्टी, उजवीकडे मेणाच्या कांड्या आणि आकारानुसार ओळीत लावलेल्या कोरण्या. एकतीस वर्षांत हा क्रम बदललेला नाही.

धंद्यातले लोक त्यांना ‘ओळंबा’ म्हणतात. भिंत सरळ आली की नाही हे बघायला गवंडी दोरीला वजन बांधून सोडतो, तो ओळंबा. कुणाच्या घरी गेले की भावोजी बसायच्या आधी भिंतीवरचं चित्र सरळ करतात. एकदा माझ्या आजारी साहेबांना भेटायला आम्ही दोघं गेलो, तर यांनी साहेबांची उशी सरळ केली. साहेब उशीवर होते.

हाताला मात्र तोड नाही. डॉक्टर मंडळी म्हणतात, ओळंब्याकडून आलेली कॅप घासावी लागत नाही, बसवायची आणि मोकळं व्हायचं. भावोजींनाही हे पक्कं माहीत आहे. ते लाजतबिजत नाहीत.

निवृत्तीला सात महिने उरले म्हणून मी शिल्लक रजा संपवत होतो आणि दुपारी ताईकडे जात होतो, त्या आठवड्यातली ही गोष्ट.

सोमवारी तीनच्या सुमाराला एक चाळिशीचा माणूस काळी पेटी छातीशी धरून दारात उभा राहिला. शहराच्या वाद्यवृंदात तो क्लॅरिनेट वाजवायचा, सहा वर्षं हंगामी म्हणून. महिन्यापूर्वी जिन्यावरून घसरला. हातातली पेटी वाचवली, तोंड वाचलं नाही. वरचा समोरचा डावा दात अर्ध्यातून तुटला, नस उघडी पडली. दुसऱ्या कुणी उपटूनच टाकला असता. पण तो ज्या डॉक्टरीणबाईंकडे गेला त्यांनी एक्स-रे काढला, मूळ शाबूत आहे म्हणाल्या, आणि रूट कॅनाल केलं. मेलेली नस काढली, आतली पोकळी साफ करून भरली, मुळात बारीक खुंटी रोवली. त्या खुंटीवर भावोजींनी केलेली कॅप शनिवारी कच्च्या, म्हणजे पुन्हा काढता येईल अशा सिमेंटनं बसवली होती.

“कॅपवाले आपणच ना?” त्यानं विचारलं. “बाईंनी पत्ता दिला.”

रोगी सहसा भावोजींकडे येत नाहीत. त्यांनी चष्मा वर सरकवून आधी त्याच्या दातांकडे पाहिलं, मग चेहऱ्याकडे.

“छान बसली आहे की!”

“दिसते छानच. बायको तर म्हणते, लग्नाच्या वेळी पडायला हवं होतं. पण वाजत नाही.”

“काय वाजत नाही?”

“मी वाजत नाही. वरचे सूर फाटतात. हवा बाजूनं निसटते. शुक्रवारी दहा वाजता कायम जागेची परीक्षा आहे. जागा एक, आम्ही चौघं. परत कधी निघेल सांगता येत नाही.”

भावोजींनी त्याला आ करायला लावलं, कंपास लावला, उजवा दात मोजला, डावा मोजला. “दोन्ही अगदी सारखे आहेत. तसूभर फरक नाही. कॅप बिनचूक आहे.”

“बिनचूक आहे हो. माझा जुना दात नव्हता.”

“जुना कसा होता?”

“वाकडा होता. जरा लांब, जरा पुढे.”

“मग चांगला केला की तुमचा!”

ताई आतल्या दारात उभी होती. कॅपचा रंग तीच ठरवते, तिची नजर भावोजींपेक्षा पक्की आहे. “अहो,” ती म्हणाली, “त्यांनी चांगला कधी मागितला होता? त्यांचा मागितला होता.”

भावोजी टेबलाकडे वळले. ते रागावले की कोरण्या सरळ करतात. त्या सरळच होत्या, तरी केल्या.

“जुना फोटो?” शेवटी त्यांनी विचारलं.

“दात दिसेल असा नाही. तोंड मिटूनच काढायचो, वाकडा होता म्हणून.”

“मग माप कुठून आणू मी?”

त्यानं पेटी उघडली, क्लॅरिनेटचं टोकाचं काळं माउथपीस काढलं आणि वरचे दात त्यावर कसे टेकतात, खालचा ओठ कसा आत दुमडतो, ते दाखवलं. भावोजींनी ते हातात घेतलं. सवयीनं त्यावरून अंगठ्याचं नख फिरवलं आणि थांबले. पुन्हा फिरवलं. मग दिव्याखाली धरून भिंग लावलं.

“हे किती वर्षांचं?”

“एकोणीस.”

“इकडे या,” त्यांनी मला हाक मारली. माउथपीसच्या कडक काळ्या रबरावर दोन खाचा होत्या. एकोणीस वर्षं दात टेकून झिजलेल्या. उजवी उथळ आणि सरळ. डावी खोल, तिरकी, थोडी पुढे.

“हा तुमचा दात,” भावोजी म्हणाले. “तुटलेला घरंगळून गेला, पण माप इथे ठेवून गेला.”

त्यांनी माउथपीस पुन्हा त्याच्या तोंडात धरायला लावून उजवा दात उजव्या खाचेत बसवला. डाव्या कॅपखाली पोस्टकार्ड जाईल एवढी फट राहिली. तेवढ्यातूनच सूर पळत होते. भावोजींनी दोन्ही खाचांचा ठसा घेतला आणि माउथपीस पुसून परत दिलं. “गुरुवारी दवाखान्यात या. शुक्रवारी तुम्ही वाजवाल.”

मला वाटलं, आता काम सोपं आहे. पण मंगळवारी गेलो तर भावोजी मेणाचा दुसरा दात चुरडून टाकत होते.

“हात ऐकत नाही,” ते म्हणाले. “वाकडा करायला घेतो आणि सरळ होतो.”

“एवढं काय त्यात?” ताई म्हणाली. “पोळपाटावर मला जमतं रोज.”

तिसरा जमला. तेवढ्यात डॉक्टरीणबाईंचा फोन आला. लांब दात खालच्या दातावर आपटला तर मुळावर ताण येईल, असं त्यांचं म्हणणं. “ते मूळ वाचवायला मी तीन बैठका घातल्यात, ओळंबेसाहेब!”

“जुना आपटत नव्हता बाई, कारण तो पुढे कललेला होता. खाच सांगते. मी लांब करतोय आणि कलवतोयही. लागला तर मी पुन्हा करीन, तुमच्या मुळाला धक्का नाही.”

बुधवारी कॅप भट्टीतून निघाली. गुरुवारी भावोजी स्वतः दवाखान्यात गेले. मीही गेलो. बाईंनी जुनी कॅप काढली, नवी बसवली, रंगीत कागद दातांत धरून चावायला लावलं. मग दिवा जवळ ओढून पाहिलं. नव्या दातावर रंगाचा ठिपका नव्हता, म्हणजे तो कुठे आपटत नव्हता. त्या भावोजींकडे बघून नुसत्या हसल्या.

“वाजवा,” भावोजी म्हणाले.

“इथे? बाहेर पेशंट बसलेत.”

“त्यांची करमणूक होईल.”

खुर्चीत ताठ बसून, गळ्यातल्या कागदी रुमालासकट, त्यानं खालचा एक सूर धरला आणि तो हळूहळू वर नेला. वर, आणखी वर. कुठे फाटला नाही. बाहेर गाल सुजलेल्या आजोबांनी टाळी वाजवली. क्लॅरिनेटवाल्यानं डोळे मिटलेलेच ठेवले आणि पुन्हा पहिल्यापासून वाजवलं.

शुक्रवारी एक वाजता त्याचा फोन आला. जागा त्याला मिळाली होती. “दाताबद्दल कुणी विचारलं नाही,” तो म्हणाला.

“विचारणार नाहीतच,” भावोजी म्हणाले, “मी केलाय.”

त्यानंतर भावोजींनी डॉक्टरांना द्यायच्या कागदावर रंग आणि मापाच्या खाली एक नवा रकाना छापून घेतला: ‘माणूस काय काम करतो?’ डॉक्टर कुरकुरले, पण भरतात. परवा गेलो तर भावोजी एका समोरच्या दाताच्या कडेला मुद्दाम बारीक खाच पाडत होते. कागदावर लिहिलं होतं, ‘शिवणकाम. दोरा दातानं तोडते.’

ताईनं माझ्या खांद्यावरून वाचलं. “अहो,” ती म्हणाली, “हिला एक कात्री पाठवा!”

“तीही पाठवतो,” भावोजी म्हणाले. “पण खाच राहू दे. तिची आहे.”