टिटवीचा कप्तान

मिलिंद गेल्याचा फोन आला तेव्हा मी जळगाव जामोदच्या स्टँडवर मेहकरच्या गाडीची वाट पाहत होतो. त्याच्या मेहुण्याने एवढंच सांगितलं, "भाऊजी गेले. शाळेतच. हार्ट." माझ्या मनात पहिला विचार आला तो लिहायची लाज वाटते, पण लिहितो… माझं हसणं ज्याच्या मनाला लागलं होतं, तो माणूस आता उरला नाही. गाडीत बसल्यावर रडू आलं, ते त्यानंतर.

मिलिंद जानेफळला चित्रकलेचा शिक्षक होता आणि मी तिथेच कॉम्प्युटर क्लास चालवायचो. मुलांसाठी आम्ही दोघांनी मिळून 'टिटवी' नावाच्या अंतराळयानाची कार्टून मालिका केली. चित्रं त्याची, गोष्ट त्याची, कप्तानाचा आवाजही त्याचा. चित्रं हलती करायचं आणि इंटरनेटवर टाकायचं काम माझं. रेकॉर्डिंगला स्टुडिओ कुठला असणार? आमच्या घरी वेचणीनंतर कापूस एका खोलीत छतापर्यंत भरलेला असतो. मधे एक माणूस बसेल एवढी जागा ठेवली की आवाज अजिबात घुमत नाही, हा शोध त्याचाच. त्यामुळे आमचे भाग फक्त हंगामात व्हायचे. कापूस विकायची वेळ आली की माझे वडील दारातून विचारायचे, "तुमचं यान उतरलं का लेकहो? मले गाडी भराची हाय." आतून मिलिंद कप्तानाच्या आवाजात ओरडायचा, "दोन दिवस थांबा काका, हवेतच आहो!"

सगळ्यात गाजला तो बचाव मोहिमेचा भाग. एका अंधाऱ्या चंद्रावर खाणीचं यान भेगेत कोसळलेलं असतं. आत तीन माणसं, हवा संपत आलेली. मिलिंदने लहानपणी कोरड्या विहिरीत पडलेली म्हैस काढताना पाहिली होती. एक माणूस खाली उतरून तिच्या पोटाखालून दोर घालतो आणि वर अख्खं गाव ओढतं, एकमेकांशी न बोलणारे भाऊकीतलेसुद्धा. त्याने तेच अवकाशात नेलं. भांडणारी चार यानं एका दोराला लागतात, आणि कप्तान स्वतः भेगेत उतरतो. दगड कोसळतात, दोराचे पीळ एकेक तुटत जातात, आणि तो ओरडतो, "वरचे हो, दोर सोडू नका बे! मी खाली जाऊन राह्यलो!" त्याच वाक्याला कापसाची तूस नाकात जाऊन तो सणकून शिंकला. मी ती शिंक पुसायला निघालो तर म्हणाला, "राहू दे. कप्तानाले काय सर्दी होत नाही?" शाळेतली पोरं त्या शिंकेसाठी तो भाग परत परत बघायची.

तो भाग पाहून पुण्याच्या एका कंपनीने आम्हाला बोलावलं. मोठ्या टेबलाभोवती सात-आठ जण होते. कप्तानाचं पहिलं वाक्य ऐकताच त्यांचे साहेब म्हणाले, "अहो, हा कप्तान आहे की सालगडी?" सगळे हसले. मीही हसलो. ओठांतल्या ओठांत नाही, चांगला मोकळा, त्यांच्यातला एक झाल्यासारखा. मिलिंदने फक्त माझ्याकडे पाहिलं. खाली रस्त्यावर आल्यावर म्हणाला, "ते हासले ते समजलं. तू काऊन हासला बे?" तरी मी त्याच्या मागे लागलो, मोठी संधी आहे, जाऊ दे म्हणालो, आणि त्याने मालिका कंपनीला देण्याच्या करारावर सही केली. कंपनीने आवाज बदलला, भाषा बदलली, दोराच्या जागी निळा किरण आणला. करारात जुना भाग इंटरनेटवरून काढायची अट होती. तो मी काढला, माझ्या हाताने. मिलिंद पुन्हा कधी त्या कापसाच्या खोलीत बसला नाही. माझ्याशी मात्र पूर्वीसारखाच बोलत राहिला, आणि तेच मला सहन होत नसे.

तो गेल्यावर त्याच साहेबांनी पुण्यात शोकसभा ठेवली. मला बोलायला आणि नवा भाग दाखवायला बोलावलं. मी गेलो तो दुःख सांगायला नाही, सूड घ्यायला. पेनड्राइव्हमध्ये जुना भाग होता. अंधारात मिलिंदचा आवाज सुरू झाला तेव्हा मी पडद्याकडे नाही, पहिल्या रांगेतल्या त्या चेहऱ्याकडे बघत होतो. शिंकेला सभागृह हसलं, पण ते हसणं वेगळं होतं. भाग संपल्यावर मी माइकवर सांगितलं, "हा आवाज सालगड्याचा आहे म्हणून या साहेबांनी पुसला. तेव्हा ते हसले होते, मीही हसलो होतो." तो माणूस शरमेल, उठून जाईल, निदान चिडेल, असं वाटलं होतं. साहेब मंचावर आले, माझा हात हातात घेऊन म्हणाले, "काय आवाज होता हो! आधी का नाही ऐकवलात?"

त्यांना आठवतच नव्हतं. ज्याला आठवत नाही त्याच्यावर सूड कसा उगवायचा?

म्हणून परत आल्यावर मी तो भाग मिलिंदच्या नावाने पुन्हा इंटरनेटवर टाकला. कंपनीची नोटीस आली आहे. मी उत्तर दिलेलं नाही, देणारही नाही. त्यांनी मला कोर्टात उभं करावं. तिथे तरी कोणीतरी विचारेल, हा आवाज कोणी पुसला.

गेल्या रविवारी मिलिंदच्या घरी, त्याच्या बायकोला, वहिनींना भेटायला गेलो. सभेतलं त्यांच्या कानावर आलं होतं. "तुमीबी हासले होते म्हने?" त्यांनी विचारलं.

"हो."

"त्याइनं मले कधी सांगतलं नाही."

"राग धरायचा तर माझ्यावर धरा, वहिनी."

"मी काऊन धरू? ज्याले लागलं होतं, त्यानं धरला नाही."

त्या आत गेल्या. चहा आला. मला शुगर निघाली तेव्हा मिलिंदने त्या घरात सांगून ठेवलं होतं, याच्या कपात साखर टाकायची नाही. वहिनींनी दोन कप ठेवले आणि बिनसाखरेचा माझ्याकडे सरकवला. सांगणारा माणूस नव्हता, सांगितलेलं चालू होतं. त्या कपातला चहा मला शेवटपर्यंत पिता आला नाही.