गुढीवरचा शालू

साहेबाचं नवं वर्ष जानेवारीत यायचं. यांच्या सरकारी शाळेतून नवं कॅलेंडर घरी येई आणि मी ते स्वयंपाकघरातल्या खिळ्याला टांगून देई. त्या वर्षाशी माझं काही भांडण नव्हतं. माझं भांडण पाडव्याशी होतं, कारण पाडव्याला आमच्या दारात माझी सवत उभी राहायची.

सवत जिवंत नव्हती. मी बिजवराला दिलेली. वर्ध्याकडून लग्न होऊन जबलपूरला आले, त्याआधीच थोरली गेली होती. लग्नातच तिच्या नावाची मूर्ती उठवलेला चांदीचा टाक माझ्या गळ्यात बांधला. नवं काही नेसायचं तर आधी टाकाला हळदकुंकू लावायचं, लुगडं त्याला दाखवायचं आणि मग आपण नेसायचं. तेही मी मुकाट्यानं करत होते. पण दरवर्षी गुढीला तिचाच डाळिंबी शालू का, हे मला पचत नव्हतं. एकदा, एकदाच माझं लुगडं त्या काठीवर चढावं, एवढंच मला हवं होतं.

गल्लीत मराठी घर आमचं एकटंच, त्यामुळे गुढी बघायला सगळ्या शेजारणी यायच्या. चैत्र नवरात्राची अंघोळ करून नर्मदेवरच्या ग्वारीघाटाहून परतताना ओल्या केसांनीच दारात थांबायच्या आणि म्हणायच्या, "बड़ी बहू की है ना? रंग तो देखो, जैसे आज की हो." आजची कसली! रंग केव्हाच विटून मातकट झाला होता. तो शालू उन्हात घालून, कापूर ठेवून, कसरीपासून जपणारी मीच, तेव्हा मला माहीत नसेल तर कुणाला? मेल्या म्हशीला मणभर दूध म्हणतात ते खोटं नाही.

आणि हे! गुढी उभारली की काठीला हात लावून वर बघत राहायचे. मी नैवेद्याचं ताट घेऊन मागे ताटकळायची. पोळी थंड व्हायची आणि मी तापायची. माझ्याकडे असं मान वर करून त्यांनी कधी बघितलं नव्हतं. माझ्याकडे बघायचे ते ताटात मीठ कमी असलं तर.

त्या वर्षी माझं गाऱ्हाणं एका वानराच्या कानावर गेलं असावं. गुढी उभारून झाली, आणि समोरच्या कडुनिंबावरून एक धटिंगण साखरेच्या गाठीवर झेपावलं. गाठी घेऊन ते पळालं, पण शालू त्याच्या पायात अडकला आणि काठापासून मधोमध टरकन फाटला. सासूबाई हातातली टेकायची काठी उगारून धावल्या. मीही "अगंबाई" म्हटलं, पण आत आनंदाच्या नुसत्या उकळ्या फुटत होत्या.

यांनी शालू उचलला. फाटलेल्या कडा एकमेकींना लावून बघितल्या, बोटानं सरळ केल्या, नीट घडी घातली आणि आत नेऊन ठेवला. माझं काही फाटलं असतं तर हे असं कडा जुळवत बसले असते का, हे मनात आलं आणि उकळ्या जागच्या जागी निवल्या.

"काय बघून राहिली वं?" सासूबाई म्हणाल्या. "गुढी अशी उघडी ठेवते का? आण तुझं नवं लुगडं."

भावानं नागपूरहून पाठवलेलं हिरवंगार लुगडं ट्रंकेत होतं. आधी टाकाला दाखवलं. एरवी हे मी उरकून टाकायची. त्या दिवशी मुद्दाम रेंगाळले. बघ बाई, म्हटलं, नीट बघून घे.

लुगडं चढलं. चैत्राच्या उन्हात ते असं काही चमकलं की समोरच्या घरातली म्हातारीही बाहेर आली. मी ताट घेऊन मागे उभी राहिले. पोळी थंड झाली तर होऊ दे, आज कितीही वेळ थांबायची माझी तयारी होती. यांनी नमस्कार केला, वर एकदा बघितलं आणि वळले.

"ऊन कडक आहे, रंग उडेल," म्हणाले. "दुपारीच उतरवून घे."

मग मात्र मला राहवलं नाही. "तिचा शालू दिवसभर राहे, तेव्हा ऊन नव्हतं का? माझंच काहून उतरवायचं?"

ते थांबले. "तिला थोडीच नेसायचं होतं," म्हणाले. "तुला नेसायचं आहे ना."

दुसरी कुणी हे ऐकून विरघळली असती. थोडी मीही विरघळले, नाही असं नाही. पण दुपारी लुगडं काही उतरवलं नाही. थोरलीच्या शालूसारखंच ते सूर्य मावळेपर्यंत काठीवर राहिलं आणि रंग कच्चा असल्यानं पदराच्या एका बाजूला चांगलंच विटलं. ती बाजू वर येईल असाच पदर मी वर्षभर घेतला. कुणी शेजारीण रंगाला काय झालं म्हणून विचारी, आणि कुणी विचारावं म्हणून मी वाटच बघत असे. मग सांगायची, गुढीचं आहे.